फौजी नवरा, परमुलखातली बायको

भालकीहून बसवकल्याण, उमरगा, नळदुर्ग करत सोलापूरला जाणारा रस्ता आपल्या पायाखालचा. फौजेत असताना दूरदेशी लग्न केलेल्या पूर्वजांचा माग काढायचा छंद कुणाला असेल, तर त्याच्यासाठी या एका रस्त्यावरच दोन भन्नाट संसार आहेत. एक सोलापूरचा, दुसरा नळदुर्गशी नातं सांगणारा. आधी सोलापूर.

सोलापूरची चिनी सून

द्वारकानाथ कोटणीस. जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला धाडलं, त्यात हे होते. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले. माओंच्या आठव्या मार्ग सेनेत शल्यवैद्य झाले आणि कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे संचालकही. चिनी भाषा बोलायला शिकले, लिहायलाही शिकले.

गुओ चिंगलान या परिचारिकेची आणि त्यांची पहिली भेट याच बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्‌घाटनाला झाली. 1941 च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, 9 डिसेंबर 1942 ला, कोटणीस गेले. वय बत्तीस. पुढे यिनहुआही वैद्यकीचं शिक्षण घेत असताना 1967 मध्ये गेला. गुओताई मात्र 2012 पर्यंत जगल्या आणि सासरच्या माणसांना भेटायला भारतात अनेकदा येऊन गेल्या. सोलापूरच्या भय्या चौकातलं कोटणीसांचं घर आज स्मारक आहे.

आता माग काढणाऱ्यांसाठी यातली कळीची गोष्ट. चिनी कागदांत ‘कोटणीस’ शोधाल तर हाती काही लागणार नाही. तिथे ते ‘के दिहुआ’ आहेत. दूरदेशी लग्न झालेल्या फौजी माणसाचा शोध बहुतेकदा इथेच अडतो: सीमा ओलांडली की नाव बदलतं. आणि ज्या बाईशी लग्न झालं तिचं नाव तर पुसूनच जातं. म्हणून माझं सांगणं एकच, शिपायाच्या आडनावामागे धावू नका, त्याच्या बायकोचं नाव कुठल्या कागदावर उरलं असेल ते आधी शोधा.

नळदुर्गचा साहेब, लखनौकडची आजेसासू

फिलिप मेडोज टेलर 1824 मध्ये मुंबईला उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आला होता व्यापाऱ्याच्या पेढीवर, शिरला निजामाच्या फौजेत. पुढची कित्येक वर्षं त्याने आपल्याच टापूत काढली. सुरपूरचा कारभार पाहिला, जेवर्गीकडची महापाषाणी दफनं उकरून त्यांच्या नोंदी केल्या आणि 1853 च्या इंग्रज-निजाम तहानंतर नळदुर्ग जिल्हा सांभाळला. ‘तारा’ या त्याच्या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे. सुरपूरकडे लोक त्याला ‘महादेव बाबा’ म्हणत.

1832 मध्ये त्याने मेरी पामरशी लग्न केलं. मेरी हैदराबादच्या नामांकित सावकाराची, विल्यम पामरची मुलगी. हा विल्यम आधी निजामाच्या फौजेत होता. त्याचा बाप जनरल पामर, 1798 ते 1801 पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट. आणि त्याची आई फैज बख्श, उत्तरेतली खानदानी मुसलमान बेगम. म्हणजे नळदुर्गच्या या साहेबाची आजेसासू हिंदुस्थानी होती आणि आजेसासऱ्याने पुण्यात मराठी दरबार पाहिलेला होता. तीन पिढ्यांत लखनौ, पुणे, हैदराबाद आणि आपला मुलूख एका घरात आले. मेरी 1844 मध्ये गेली. टेलरचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1877 मध्ये, त्याच्या मुलीने संपादून छापलं. घराण्याच्या गोष्टी लेकी जपतात, याचा हा पक्का दाखला.

बारशाला एक होन

1687 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी मद्रासला लिहिलं की शिपायांनी तिथल्या बायकांशी लग्नं करावीत. अशा जोडप्याला मूल झालं की बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला एक पॅगोडा बक्षीस द्यावा. पॅगोडा म्हणजे आपल्याकडचा होन, सोन्याचं नाणं. दूर मुलखात फौज टिकवायची तर शिपायाचं घर तिथेच उभं राहायला हवं, हा हिशोब. गोव्यात पोर्तुगीजांनी 1510 नंतर तेच केलं होतं. 1687 नंतर शंभरेक वर्षांनी मात्र वारा फिरला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने अशाच घरांतल्या मुलांना आपल्या नोकऱ्यांची दारं बंद केली. बाप कंपनीचा आणि आई इथली अशी कित्येक तरणी पोरं मग शिंदे, होळकर आणि निजामाच्या फौजांत नाव काढू लागली.

आरशात दिसलेली नवरी

होळकरांच्या चाकरीतला विल्यम गार्डनर बोलणी करायला खंभातच्या नवाबाकडे गेला. चर्चा चालू असताना पडदा जरा हलला आणि दोन काळेभोर डोळे दिसले. झालं! त्याने त्या मुलीला मागणीच घातली. निकाहाच्या दिवशी शालीच्या आडोशाला आरसा धरला आणि त्यात तेच डोळे दिसले. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. चाळीसेक वर्षांचा संसार झाला. 1835 मध्ये कासगंजला तो वारला आणि काही आठवड्यांत बेगमही गेली. त्याने उभारलेली घोडदळाची पलटण आजही भारतीय सैन्यात आहे.

महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सरदार बन्वा द ब्वान्य याची गोष्ट अशी गोड नाही. सॅव्हॉयमधला हा माणूस हलीमा बेगमला घेऊन युरोपात गेला आणि तिथे वर्षभरात दुसऱ्या लग्नाच्या मागे लागला. हलीमा इंग्लंडमध्ये हेलन बेनेट या नावाने जगली आणि 1853 मध्ये ससेक्समध्ये वारली. तिच्या मुलांची, अली बक्ष आणि बानूची, नावंही बदलून चार्ल्स आणि अ‍ॅन झाली होती. मला तिची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यासारख्या कितीतरी बायकांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

चेहरा लिहिला, बायको नाही लिहिली

मोगल फौजेत शिपाई भरती झाला की त्याचा ‘चेहरा’ लिहीत. नाव, बापाचं नाव, जात-वंश, रंग, कुठे व्रण, कुठे तीळ, सगळं. घोड्याचीही तशीच नोंद, डागासकट. दख्खनच्या मोहिमांतले असे शेकडो वर्षं जुने कागद हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागारात आहेत. वाचायला फारसी हवी. पण शिपायाच्या कपाळावरचा व्रण टिपणाऱ्या त्या कागदात त्याच्या बायकोला जागा नाही.

ती दिसते पैशांच्या कागदात. बंगालमधल्या कंपनीच्या माणसांची मृत्युपत्रं अभ्यासकांनी तपासली तेव्हा आढळलं की 1780 ते 1785 या काळात तीनांतल्या एका मृत्युपत्रात हिंदुस्थानी जोडीदारणीसाठी काही ठेवलेलं आहे. 1805 ते 1810 मध्ये चारांत एका. 1830 पर्यंत सहांत एका. शतकाच्या मध्यावर जवळजवळ नाहीच. साहेब आणि इथली माणसं किती दुरावली, ते मृत्युपत्रांनी आकड्यांत सांगितलं.

ही मृत्युपत्रं आणि मद्रास, मुंबई, बंगाल इलाख्यांतल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बाप्तिस्म्याची नोंद मोलाची, पण तिथेही सावध राहा. हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची मुलं साहिब आलम आणि साहिब बेगम 1805 मध्ये इंग्लंडला पाठवली गेली. 1806 मध्ये लंडनच्या चर्चमध्ये ती विल्यम आणि कॅथरिन झाली. लेकीला आईचं तोंड पुन्हा दिसलं नाही. तीसहून अधिक वर्षांनी तिने हैदराबादला आजीशी पत्रव्यवहार सुरू केला. आजीची पत्रं फारसीतली!

बिदरचे हबशी, बारकसचे अरब

भटके शिपाई गोरेच होते असं नाही. बिदरच्या किल्ल्याबाहेर हबशी कोटाच्या टेकडीवर इथिओपियाकडून आलेल्या सरदारांच्या कबरी आहेत. औरंगाबादेजवळ खुलदाबादला मलिक अंबर आणि त्याची बायको बीबी करीमा शेजारी शेजारी आहेत. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या माणसाने आपली मुलगी थेट अहमदनगरच्या निजामशहाला दिली.

निजामाच्या फौजेतले अरब येमेनच्या हद्रमौतमधून यायचे. हैदराबादेतली त्यांची वस्ती ती बारकस, म्हणजे बराकी. इथल्या बायकांशी त्यांची लग्नं झाली आणि त्यांच्या मुलांना ‘मुवल्लद’ म्हणत. याच फौजेतला एक जमादार, उमर बिन अवद अल-कुऐती, याच्या घराण्याने हद्रमौतमध्ये स्वतःचं राज्य थाटलं. अरबस्तानातलं एक सिंहासन हैदराबादच्या पगारावर उभं राहिलं! आपल्या भागात आडनावात ‘बिन’ असलेलं घर असेल तर त्यांच्या आजीचं माहेर विचारा. अर्धी वंशावळ तिथेच मिळेल.

उलट, शोधूनही लग्न सापडणं कठीण अशीही एक जागा आहे. 1946 मध्ये पराभूत जपानमध्ये गेलेल्या भारतीय तुकड्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. पण स्थानिकांशी मिसळायचंच नाही, असा हुकूम होता.

आता आपल्या आजोबांकडे

घरात फौजी आजोबा असतील आणि त्यांनी बाहेर लग्न केलं अशी कुजबुज असेल तर काय करायचं? स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी दोन शब्द पक्के लक्षात ठेवा: शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न, मूल, वारस यांची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते, कारण त्यावर भत्ते आणि कुटुंबाची पेन्शन ठरते. मराठा पलटणीचा माणूस असेल तर बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस, नाहीतर ज्या त्या रेजिमेंटचं. सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करा. जाताना सर्व्हिस नंबर न्या. डिस्चार्ज बुक बहुतेकदा ट्रंकेत असतं, आणि ते नसेल तर मेडलच्या कडेवर नंबर कोरलेला असू शकतो.

दोन महायुद्धांत पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे. ती घरबसल्या आणि फुकट पाहता येते. भारतीय जवानांच्या नोंदीत कैकदा बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव-जिल्हा असतो. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर, म्हणून एकच नाव चार-पाच प्रकारांनी टाकून बघा. आपल्या भागासाठी जिल्हा बिदर आणि गुलबर्गा, दोन्ही टाका. गाव सापडलं नाही तर नुसतं ‘हैदराबाद’ टाका, कारण तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातच मोडत होता.