रिटर्न भरून देणारी पोरं

पगाराचा खरा आकडा माणूस सख्ख्या भावालाही धड सांगत नाही. कर्ज, घटस्फोट, सुटलेली नोकरी या गोष्टी तर उंबऱ्याबाहेर जाऊच द्यायच्या नाहीत, हा जगभरचा रिवाज. असं असताना अमेरिकेत दर वर्षी जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलपर्यंत हजारो माणसं हे सगळं पिशवीत भरून एखाद्या कॉलेजच्या वर्गात येतात आणि समोर बसलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोरापोरींपुढे टेबलावर ओततात. पोरं अकाउंटिंग शिकणारी. पदवी अजून हातात नाही. ती प्रश्न विचारतात, कागद लावून घेतात, रिटर्न तयार करतात आणि तिथूनच सरकारकडे पाठवतात. फी एक छदामही नाही. आणि हा सगळा उद्योग कर खात्याच्या नजरेआड नव्हे, तर कर खात्याच्याच योजनेत चालतो.

योजनेचं नाव व्हॉलंटियर इन्कम टॅक्स असिस्टन्स, म्हणजे ‘विटा’. १९६९च्या कर-सुधारणा कायद्यानं करदात्यांना शिकतं करण्यावर भर दिला, त्यातून ही कल्पना रुजली. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज इथल्या राज्य विद्यापीठात गॅरी इस्कोविट्झ यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला असं केंद्र उभं केलं, आणि योजनेच्या जन्मकथेत त्यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. ग्रंथालयं आणि चर्चमध्येही अशी केंद्रं चालतात, निवृत्त माणसंही राबतात. पण कॉलेजातल्या केंद्रांची मजा और आहे, कारण तिथं शिकाऊ माणसाच्या हाती खरीखुरी जोखीम दिली जाते.

ही मुलं येतात कुठून? बरीचशी विद्यार्थ्यांच्या अकाउंटिंग संघटनांमधून. त्यातली जुनी-जाणती म्हणजे बीटा अल्फा साय. १२ फेब्रुवारी १९१९ रोजी इलिनॉय विद्यापीठात ती स्थापन झाली. नाव तीन ग्रीक अक्षरांचं आणि आत यायला गुणांची अट. आधी फक्त अकाउंटिंगवाल्यांची असलेली ही संघटना पुढे फायनान्स आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही सामावून घेऊ लागली.

सभासद टिकवणं ही कुठल्याही कॉलेज मंडळाची कायमची डोकेदुखी. पहिल्या सभेला खुर्च्या कमी पडतात, तिसऱ्या सभेला चिटणीस आणि खजिनदार एकमेकांकडे बघत बसतात. या संघटनांनी त्यावर काढलेला तोडगा मोठा हुशारीचा आहे. सभांना डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी अशा बड्या ऑडिट फर्मची माणसं बोलवायची. पिझ्झा मागवायचा. ओळखी होतात, इंटर्नशिपचे धागे जुळतात. मात्र सभासदत्व टिकवायचं तर समाजसेवेचे ठरावीक तास भरून द्यायचे. नोकरीच्या ओढीनं आत आलेला पोरगा असा हळूच विटाच्या टेबलाशी जाऊन बसतो. ही सेवा बायोडेटा सजवण्यासाठी आहे म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. रिटर्न बिनचूक भरलं गेलं, की समोरच्या म्हातारीला पोराच्या हेतूशी काय देणंघेणं?

ओळखीच्या या जाळ्याला एक काळी बाजूही होती. १९६९ साली अमेरिकेत सुमारे एक लाख सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएंसारखे सनदी लेखापाल, होते आणि त्यात कृष्णवर्णीय होते अवघे १३६. सीपीए व्हायला आधी एखाद्या सीपीएच्या हाताखाली उमेदवारी लागे, आणि गोऱ्या फर्म कृष्णवर्णीयांना दारातच उभं करत नसत. त्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये नऊ जणांनी एकत्र येऊन नॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक अकाउंटंट्स काढली. आज तिच्याही विद्यार्थी शाखा आहेत. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी ऑफिसात बसलेलं नाही, त्यांना पिझ्झ्याबरोबर मिळणाऱ्या ओळखीची किंमत विचारा.

आता टेबलाजवळ जाऊ. तिथं बसण्याआधी मुलाला कर खात्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. एक परीक्षा करकायद्याची, आणि तिच्याआधी आचारसंहितेची. पास व्हायला ८० टक्के. मग लेखी कबुली द्यायची की पैसे घेणार नाही, इथं कळलेल्या माहितीचा स्वतःसाठी वापर करणार नाही, इथल्या माणसाला आपलं गिऱ्हाईक बनवणार नाही, जाणूनबुजून खोटं रिटर्न भरणार नाही. नियमांचा बारकावा पाहून थक्क व्हायला होतं. देणगीचा डबासुद्धा रिटर्न भरण्याच्या टेबलावर चालत नाही. ठेवायचाच तर दुसरीकडे, आणि तोही रिटर्नच्या कामासाठी आहे असं वाटता कामा नये. खूश झालेल्या आजीनं हातात कोंबलेली पाच डॉलरची नोट परत करायची. प्रकरण आपल्या शिकवणीपलीकडचं निघालं, उदाहरणार्थ धंद्याचा गुंतागुंतीचा हिशेब असला, तर ‘हे आमच्या कक्षेत बसत नाही’ असं तोंडावर सांगायचं. विशीतल्या हुशार मुलाला ‘मला येत नाही’ म्हणणं सगळ्यात जड जातं. इथं तेही नियमानंच करावं लागतं.

खरी कसोटी लागते ती अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट या सवलतीपाशी. १९७५ साली आलेली ही सवलत कमी मिळकतीच्या कष्टकऱ्यांसाठी आहे. कर शून्य असला तरी सरकार उलट पैसे देतं. २०२४ या करवर्षासाठी तीन किंवा अधिक मुलं असलेल्या कुटुंबाला ती जास्तीत जास्त ७,८३० डॉलर मिळवून देत होती. एक मूल असेल तर ४,२१३. मूल नसेल तर फक्त ६३२. आणि हक्क असूनही पाचातला साधारण एक जण ती मागतच नाही, असं खुद्द कर खातं सांगतं. विटाच्या टेबलावरची पोरं यातल्या कितीकांना त्यांचे पैसे मिळवून देतात.

पण कल्पना करा, समोर एक बाप बसलाय. गोदामात हमाली करणारा, बायकोपासून वेगळा झालेला. मुलाच्या शाळेचा खर्च देतो, मोबाइलवर फोटो दाखवतो. विद्यार्थिनी विचारते, ‘मुलगा वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तुमच्याकडे राहिला का?’ तो घुटमळतो. मुलगा शनिवार-रविवारी येतो, एरवी आईकडे. कायदा प्रेम मोजत नाही, खर्चही विचारत नाही. मूल वर्षभर कुठं राहिलं, एवढंच बघतो. ‘हो’ म्हटलं तर हजारो डॉलरचा फरक. बाप चांगला आहे, गरजू आहे, आणि ते ‘हो’ तिनं लिहून घेतलं तर ते कुणाला लगेच कळणारही नाही. तिला ‘नाही’वर टिक करावी लागते. व्यवसायनीतीच्या पुस्तकात लबाड माणूस बहुधा सुटाबुटातला, नफेखोर असतो. खोटं लिहिण्याचा मोह दयेपोटीही होतो, हे या टेबलाशी बसल्यावर कळतं.

याहून चक्रावून टाकणारा प्रकार पुढे आहे. या सवलतीची रचना अशी की अगदी खालच्या पायरीवर मिळकत जितकी जास्त, तितकी सवलत वाढत जाते, मग एका टप्प्यावर ती स्थिर राहते आणि पुढे उतरू लागते. म्हणजे दोन मुलं असलेल्या, वर्षाला सहा हजार डॉलर कमावणाऱ्या बाईला मिळकत जास्त दाखवली तर फायदा! ‘घरी शेजारणींचे केस कापून देते, त्याचे रोख चार हजार लिहा’ असं कुणी म्हणालं तर? उत्पन्न लपवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. इथं नसलेलं उत्पन्न कुणी फुगवून तर सांगत नाही ना, हे त्या विद्यार्थ्याला ओळखायचं असतं. तो पोलीस नाही, छापा घालू शकत नाही. त्याच्या हाती फक्त प्रश्न असतात: कधीपासून करता, कुठं लिहून ठेवता, कात्री-कंगव्यावर खर्च किती झाला? उत्तरं जुळली नाहीत तर रिटर्न भरायला नकार द्यायचा.

एवढं करूनही रिटर्न लगेच जात नाही. ज्यानं भरलं त्याच्याशिवाय दुसऱ्या प्रशिक्षित माणसानं ते पुन्हा तपासायचं, तेही करदात्याला समोर बसवून. सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव, पगाराच्या डब्ल्यू-२ फॉर्मवरचे आकडे, रिफंड जमा होणारा बँक खाते क्रमांक, सगळं पहिल्यापासून. आपलं काम दुसऱ्यानं तपासणं हा अपमान नाही, हे मुलाच्या अंगवळणी इथं पडतं. ऑडिट म्हणजे तरी दुसरं काय असतं?

हे का महत्त्वाचं, ते कळायला बीटा अल्फा साय जिथं जन्मली ते इलिनॉय सोडावं लागत नाही. आर्थर अँडरसन हा नॉर्वेहून आलेल्या जोडप्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी पोरका झाला, पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अकाउंटिंग शिकवू लागला आणि १९१३ साली शिकागोत त्यानं फर्म काढली. सरळ विचार करा, सरळ बोला, हे आईचं सांगणं त्यानं फर्मचं ब्रीद केलं. त्याच फर्मच्या माणसांनी एन्रॉन कंपनीच्या हिशेब-घोटाळ्यात ह्यूस्टनमध्ये कागदपत्रं यंत्रात घालून फाडली. २००२ मध्ये फर्म दोषी ठरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला खरा, पण तोवर फर्म संपली होती. दुसरा किस्सा तर कुणी रचला असता तर पटला नसता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकानं ईवायला १० कोटी डॉलरचा दंड ठोठावला, कारण फर्मच्या कर्मचाऱ्यांनी परीक्षेत कॉपी केली होती, आणि त्यात सीपीएसाठीची नीतिशास्त्राची परीक्षाही होती! नीती परीक्षेपुरती पाठ करता येते, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा कुठं मिळणार?

म्हणूनच माझं माप त्या टेबलाच्या बाजूनं झुकतं. आपल्याकडे सीएच्या मुलांच्या संघटना आहेत, पश्चिम विभागाची ‘विकासा’ चांगली गजबजलेली असते. आर्टिकलशिपमध्ये आपली पोरं पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या फायली हाताळतात, त्या बाबतीत ती अमेरिकन मुलांच्या पुढेच आहेत. पण तिथं समोर असतो फी देणारा क्लायंट. फी न देणारा, देऊच न शकणारा माणूस समोर बसला की शिकण्याची जात बदलते. आयकर विभागानं २००६ साली पदवीधरांना शिकवून रिटर्न भरून घेण्याची योजना आणली होती, पण तिच्यात मानधन होतं. संघटनेनं चालवलेलं, दोघांनी तपासलेलं, फुकट काम आपल्या कॉलेजांत सुरू व्हायला हरकत काय आहे?

तोवर, ज्यांची मुलं अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकताहेत त्या आईबाबांसाठी दोन कामाच्या गोष्टी. साधारण पहिली पाच वर्षं एकही डॉलर कमावला नसला तरी मुलानं दर वर्षी फॉर्म ८८४३ पाठवायचा असतो. आणि कॅम्पसवर किंवा इंटर्नशिपमध्ये कमावलं असेल, तर भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. नेहमीच्या सॉफ्टवेअरवर चुकून रहिवासी म्हणून रिटर्न भरू नका. परदेशी विद्यार्थ्यांची रिटर्न भरण्यासाठी विटात वेगळी परीक्षा आहे आणि ती दिलेली मुलं प्रत्येक केंद्रात नसतात. त्यामुळे जाण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात चौकशी करा, आणि पासपोर्ट, आय-२० व डब्ल्यू-२ बरोबर ठेवा.