मांडव्याला गेलेला सर्जन

कुष्ठरोगात नाक बसतं, तेव्हा वरची कातडी बहुधा शाबूत असते. बिघडतं ते आतलं अस्तर. ते आक्रसतं आणि नाक आत ओढलं जातं. ब्रिटिश प्लास्टिक सर्जन सर हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यावर युक्ती काढली होती: वरच्या ओठाच्या आतून छेद घ्यायचा, आवळलेलं अस्तर मोकळं करायचं आणि साच्यावर गुंडाळलेली त्वचा तिथे बसवायची. चेहऱ्यावर एकही व्रण नाही!

गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंतिया ही विद्या घेऊन परतले आणि पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरुग्णांच्या शस्त्रक्रिया करू लागले. महारोगी दिसला की लोक वाट बदलत, असा तो काळ.

हुबळीत १९२२ साली जन्मलेल्या अंतियांनी पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. तुटलेली कानाची कड शेजारचीच कूर्चा आणि कातडी पुढे सरकवून सांधायची त्यांची पद्धत १९६७ साली प्रसिद्ध झाली. डॉ. बुच यांच्यासह दिलेली ही पद्धत त्वचेच्या कर्करोगानंतर कान दुरुस्त करायला जगभर वापरतात.

एवढ्यावर दुसरा कुणी समाधानी राहिला असता. पण कुष्ठाने वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेने सरळ केली तरी हात बधिरच राहतो. तापलेलं भांडं उचललं तरी चटका कळत नाही, पुन्हा जखम होते. रोगाच्या सुरुवातीचा त्वचेवरचा बधिर चट्टा वेळीच ओळखला असता, तर पुष्कळांना शस्त्रक्रिया लागलीच नसती. मग तो ओळखायचा कुणी?

मांडवा म्हटलं की आज रो-रो बोटीची जेटी आठवते. अलिबाग तालुक्यातल्या त्याच भागात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अंतियांनी १९७०च्या दशकात गावातल्याच बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. बाळंतपण, कुपोषण, क्षय, कुष्ठ: घरोघर जाऊन आजार हेरायचे, जमेल तो उपचार करायचा, बाकीचे रुग्ण डॉक्टरकडे धाडायचे. मोठ्या रुग्णालयात विभागप्रमुख राहिलेल्या सर्जनने हे करावं, हे अनेक डॉक्टरांना आजही पचणार नाही.

‘सर्वांसाठी आरोग्य’ या १९८१च्या राष्ट्रीय अहवालाच्या अभ्यासगटात ते होते. १९९० साली पद्मश्री मिळाली, २००७ साली ते गेले. त्याच सुमारास गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम देणारी सरकारची ‘आशा’ योजना गावोगाव पोचत होती. त्या आशाताईंना अजून पगार नाही, मानधन मिळतं.