तोंड वाकडं न करता लिंबू खा!

डोळ्यांवर पट्टी बांधून ग्लासात पाणी ओत, तोंड वाकडं न करता लिंबू खा, असल्या पैजांचे इंग्रजी व्हिडिओ बघून इंग्रजी शिकणं म्हणजे पोरखेळ, असं वाटणं साहजिक आहे. पण शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांकडे पाहा. मोल्ड, कोअर, फर्नेस, लॅडल, रिजेक्शन हे शब्द तिथं कुणी डिक्शनरीतून पाठ करत नाही. शब्द कानावर पडतो, हात चालतो, चुकलं की कास्टिंग भंगारात जातं. शब्द मात्र पक्का बसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960च्या दशकात भाषा शिकवण्याची याच धाटणीची पद्धत मांडली. शिक्षकानं आज्ञा द्यायची, शिकणाऱ्यानं बोलण्याची घाई न करता ती कृती करायची. पैजेच्या व्हिडिओत हेच घडतं, वर फजितीचं हसू फुकट. 'पोअर', 'स्पिल', 'स्क्वीझ' यांचा अर्थ सांगावाच लागत नाही, पाणी सांडलेलं दिसतं.

आक्षेप रास्त आहेत. नुसतं बघणाऱ्याचा हात हलत नाही, मग शिकणार काय? शिवाय आज्ञार्थी क्रियापदांवर रजेचा अर्ज लिहिता येत नाही. भूतकाळ, प्रश्न, अदब यांसाठी वाचन आणि संभाषणच लागतं. दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे तोड नाही. पहिल्यावर मात्र उपाय साधा आहे: पैज ऐकताच व्हिडिओ थांबवायचा, शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यातलं लिंबू शेजाऱ्यापुढे धरायचं. 'स्क्वीझ इट!'