चारशे दिवसांची स्ट्रीक, पण तोंड उघडेना

माझा मावसभाऊ चाकण एमआयडीसीत क्वालिटीला आहे. भोसरीहून कंपनीची बस सुटली की याचं जपानीचं ॲप चालू. तळेगाव चौकात ट्रॅफिक तुंबलं की आणखी दोन धडे. चारशे दिवसांची स्ट्रीक! परवा प्लांटमध्ये आलेल्या जपानी इंजिनिअरने एक पार्ट उचलून विचारलं, ‘कोरे वा किनो नो देस का?’ भावाला प्रश्न कळला. उत्तर मात्र फुटलं नाही.

असं का होतं? त्याच्या ॲपवर चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायचं असतं. समोर दिसलेला शब्द ओळखणं वेगळं, रिकाम्या डोक्यातून तो बाहेर काढणं वेगळं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं.

म्हणून शब्दांसाठी मी अँकी सुचवते. अँड्रॉइडवर फुकट आहे. दिसायला रुक्ष, पण विसरायला आलेला शब्द नेमका पुढे आणतं. एकच अट: कार्डावर मराठी समोर, जपानी मागे. आधी मोठ्याने बोला, मग उलटा. अक्षरओळखीसाठी रंगीत ॲप पहिला महिना वापरलं तर माझी हरकत नाही.

वाचनाची घाई नको. पन्नासात एखादाच शब्द अडला तर मजकूर नीट कळतो, असं हू आणि नेशन यांचं 2000 सालचं संशोधन सांगतं. एनएचकेच्या सोप्या बातम्या त्यामुळे थोड्या उशिराच उघडा.

बोलण्याची गोष्ट अवघड, कारण जेएलपीटी परीक्षेत, एन5 पासून एन1 पर्यंत कुठेच, तोंडी भाग नाही. पास होऊनही माणूस मुका राहू शकतो. इथे मराठीचा फायदा घ्या. वरचंच वाक्य बघा: कोरे म्हणजे हे, किनो नो म्हणजे कालचं, देस म्हणजे आहे, आणि का म्हणजे चक्क का! शब्दांचा क्रमही आपलाच. मग ‘नाही, आजचं आहे’ याचं ‘इइए, क्यो नो देस’ व्हायला कितीसा वेळ लागतो? अशी कामावरची वीस वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा म्हणा.

भाऊ डिसेंबरला एन4 देणार आहे. सध्या बसमध्ये पुटपुटतो. शेजारचे बघतात म्हणे.