दोर वळतो तिथे: शिडाच्या बोटीतलं घर्षण आणि कप्पीची निवड
(हिंगोली इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

हिंगोलीत बसून शिडाच्या बोटीवर कशाला बोलायचं, असं दोघांनी मला दारातच विचारलं. बरोबर आहे, समुद्र इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या पुढे. पण इथल्या जुन्या मंडळींनी मोट चाललेली पाहिली असेल. जाड नाडा वरच्या चाकावरून जायचा, आणि मोटेच्या सोंडेचा बारीक दोर खाली, विहिरीच्या काठाजवळच्या लाकडी रुळावरून. चाकाचा आस कोरडा पडला की तो कुरकुरायचा, बैल लवकर दमायचे. आज बोलायचंय ते याच गोष्टीवर.

गोव्यात दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ नावाची बोट बांधली गेली. लांबी ५६ फूट, म्हणजे साधारण १७ मीटर. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी हे कुठेही न थांबता करून आले. आता विचार करा, बोटीवर माणूस एकच. रात्री वारा वाढला. शीड आखूड करायचंय. दोर ओढला आणि तो अर्ध्यात अडकला, तर मदतीला हाक कुणाला मारायची? लाटा अंगावर येत असताना डोलकाठीपाशी जावं लागतं. एकट्याच्या बोटीत घर्षण हा जिवाचा प्रश्न होतो तो असा.

शीड आखडायचा हा दोर कसा जातो ते बघू. त्याचं एक टोक शिडाखालच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, बांधलेलं. तिथून वर शिडाच्या कडेतल्या भोकातून वळून खाली: १८० अंश. बूमच्या टोकाशी पुढे वळतो: ९०. डोलकाठीपाशी खाली: ९०. डोलकाठीच्या पायथ्याशी मागे: ९०. डेकवर थोडा बाजूला: ४५. मग तुमच्या हातात. (प्रत्येक बोटीत थोडा फरक असतो, पण हिशेबाला हे पुरे.)

प्रत्येक वळणावर नुसतं गुळगुळीत धातूचं कडं लावलं आणि घर्षणांक ०.२ धरला, तर? कड्यावरून दोर घासत जातो तेव्हा ओढ कोनाप्रमाणे घटते, आणि ती बेरजेने नाही, गुणाकाराने घटते. ३० अंशांच्या वळणावर १० टक्के जाते. १८० अंशांवर जवळजवळ निम्मी, ४७ टक्के. विंचने १०० किलो ओढ दिली तर या पाच वळणांनंतर पलीकडच्या टोकाला १८ किलो पोचते. अठरा!

यात एक गंमत आहे. कडं मोठं घेतलं म्हणून हे घर्षण कमी होत नाही. त्या गणितात कड्याचा व्यास येतच नाही, कोन येतो. कप्पीचं उलट. तिथे दोर चाकाबरोबर फिरतो आणि घासणं होतं ते आसापाशी. चाकाचा व्यास आसाच्या पाचपट असेल, तर त्याच ०.२ घर्षणांकाला १८० अंशांच्या वळणावर फक्त ८ टक्के जातात. पाचही ठिकाणी अशा कप्प्या लावा, १०० पैकी ७४ किलो पोचतात. आता फक्त शेवटच्या ४५ अंशांवर कडं ठेवा: ६५. आणि शिडाच्या भोकातल्या १८० अंशांवर ठेवलं, तर थेट ४३. कडं तेच, जागा बदलली.

म्हणून दुकानात जाण्याआधी कोन मोजा. त्याच्याही आधी एखादं वळण काढूनच टाकता येतं का ते बघा. फुकटातली सुधारणा तीच. थोडं वळण, जड ओढ, क्वचित हलणारा दोर, तिथे कडं छान: हलकं असतं, त्यात फिरणारं काही नाही, मोडत नाही. मोठं वळण आणि सारखा हलणारा दोर असेल, उदाहरणार्थ मुख्य शिडाचा, तर बॉल बेअरिंगची कप्पी. पण शीड वर चढवून दिवसचे दिवस ताणून ठेवायच्या दोराला ती नको. सतत दाबाखाली प्लास्टिकच्या गोळ्या चपट्या होतात. तिथे साध्या बुशची मजबूत कप्पी बरी. लोक महागडी म्हणून सगळीकडे बॉल बेअरिंग लावतात, ते मला पटत नाही.

कप्पीवरचा भारही कोनावरच ठरतो. दोर पूर्ण उलटा फिरला की कप्पीवर आणि तिच्या बोल्टवर दोराच्या दुप्पट ओढ येते. ९० अंशांना १.४ पट, ६० ला तेवढीच. कप्पीवर छापलेला आकडा या भाराशी ताडून बघायचा, नुसत्या दोराच्या ओढीशी नाही.

आणि दोर! चाकाच्या खाचेपेक्षा जाड दोर घातला की तो दोन्ही गालांना घासतो, मग कप्पी कितीही भारी असू दे. कप्पी तिरकी बसली तरी तेच.

(श्रोत्यांतून प्रश्न: बैलगाडीच्या आसाला देतो तसं वंगण द्यायचं का?) चांगला प्रश्न. बॉल बेअरिंगच्या कप्पीला नाही. वंगणात मीठ आणि कचरा धरून राहतो, गोळ्या फिरायच्या थांबतात. तिला गोडं पाणी भरपूर ओता, चाक हाताने फिरवत फिरवत.