जुन्या संगणकाला नवी हार्ड डिस्क : आधी मर्यादा जाणा

पेढीवर संगणक आला आणि लाल वह्यांतील रोजकीर्द व खतावणी हार्ड डिस्कमध्ये गेली. अनेक दुकानांत तो जुना संगणक आजही काम देतो, कारण हिशेबाची जुनी प्रणाली त्यावर सुरळीत चालते. डिस्क भरली की मोठी डिस्क बसवण्याचा विचार साहजिकच होतो. मात्र प्रत्येक जुन्या यंत्राची एक मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास हिशेबच धोक्यात येतो.

हार्ड डिस्कला खतावणी माना. तिचे प्रत्येक पान म्हणजे एक ‘सेक्टर’. त्यात ५१२ बाइट मावतात आणि प्रत्येक पानाला क्रमांक असतो. पान-क्रमांकासाठी दोनच घरे आखलेली असतील, तर शंभरावे पान ‘००’ असे लिहिले जाईल आणि नवी नोंद वहीच्या आरंभीच्या पानावर पडेल. संगणकातही असेच घडू शकते.

आयडीई जोडणीच्या जुन्या पद्धतीत या क्रमांकासाठी २८ द्विमान अंक होते. त्यातून सुमारे २६ कोटी ८४ लाख सेक्टर मोजता येतात, म्हणजे १३७ जीबी. विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तीला याच्या पुढचे मोजता येत नसे. २००२ च्या ‘सर्व्हिस पॅक १’ने ती सोय दिली. ती नसलेल्या संगणकाला दुसरीकडे पूर्ण आखलेली मोठी डिस्क जोडल्यास प्रारंभी सारे ठीक दिसते. परंतु १३७ जीबीच्या पुढे लेखन सुरू झाले, की आरंभीची माहिती पुसली जाण्याचा संभव असतो. यासाठी मदरबोर्डचा ‘बायोस’ही ४८ अंकी पद्धत जाणणारा हवा.

दुसरी मर्यादा २.२ टीबीची. डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत, ‘एमबीआर’, ३२ अंकांवर थांबते. त्यापुढे ‘जीपीटी’ पद्धत लागते. बत्तीस बिटच्या एक्सपीला ती वाचता येत नाही. विंडोज ७ ती वाचते. परंतु अशा डिस्कवरून संगणक सुरू करायचा, तर ६४ बिटची आवृत्ती आणि ‘युईएफआय’ दोन्ही आवश्यक असतात.

येथे वजनमापाचा एक भेदही ध्यानी घ्यावा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. हे माप मारणे नव्हे. निर्माता हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. परंतु ३ टीबीची डिस्क केवळ ७४६ जीबी दिसली, तर तो मर्यादा ओलांडल्याचा इशारा समजावा आणि तिच्यावर काहीही लिहू नये.

डिस्क घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : जोडणी आयडीई की साटा, बायोसची क्षमता, विंडोजची आवृत्ती व सर्व्हिस पॅक, आणि विभागणीची पद्धत. यंत्र साटा जोडणीचे असेल, तर २ टीबीपर्यंतची डिस्क ‘एमबीआर’च्या मर्यादेत बसते. जुनी डिस्क काढण्यापूर्वी हिशेबाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी घ्याव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या संगणकावर उघडून ताळेबंद जुळतो का, हे तपासावे. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. ‘डिस्क बिघडली’ या उत्तराने ती जबाबदारी टळत नाही. परिग्रहाचे परिमाण आधी ठरवावे, ही शिकवण श्रावकाला नवी नाही. डिस्क घेतानाही तोच क्रम पाळावा : आधी यंत्राचे परिमाण, मग खरेदी.