बौद्ध लग्नाची सजावट: मडकं, सूत आणि पाच रंग

नांदेड-लातूरकडे मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणारी कुटुंबं आपल्याच वस्त्यांत आहेत. त्यातला काही वाटा स्टेज-डेकोरेशनवर जातो.

बाबासाहेबांनी 4 डिसेंबर 1956 च्या पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला: ना होम, ना सप्तपदी. वधू-वरांमध्ये पाण्याने काठोकाठ भरलेलं नवं मडकं, दोघांच्या हाती सूत, अंगावर पांढरी वस्त्रं. थीम हीच!

मडकं कुंभाराकडून घ्या. मागे पांढऱ्या सुती चादरी ताणा, त्यावर पुठ्ठ्यातून कापलेली पिंपळपानं टाचा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी या क्रमाने कागदी पताका खळीने सुतळीला चिकटवा. चादरी, पानं विहारात जपून ठेवा. पुढच्या लग्नाला लागतील. वाचलेला पैसा जोडप्याच्या शिक्षणाला लावा.